विद्या विकणाऱ्याचा धर्म

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत प्रवेशाच्या जाहिरातींची रीघ लागते. वैद्यकीयची जागा हुकलेल्या मुलांसमोर फार्मसी असते, नर्सिंग असतं, आणि अलीकडे ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शास्त्र, हाही पर्याय येतो. काही वर्षं अभ्यास, मग इंटर्नशिप, आणि पुढे नोकरीची हमी. गरजेपेक्षा जास्त पदवीधर तयार होतात की नाही, ही चर्चा आपण आकड्यांची समजून नियोजन करणाऱ्यांवर सोडून देतो. माझ्या मते हा आधी धर्माचा प्रश्न आहे. फळ दाखवून शुल्क घेणाऱ्यावर त्या फळाचं काही ऋण उरतं का, असा तो प्रश्न आहे.

पहिला आक्षेप लगेच येतो: डोळ्यांच्या बाबतीत माणसं जास्त होतीलच कशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या अहवालानुसार जगात किमान 220 कोटी लोकांना दृष्टिदोष आहे, आणि त्यातल्या किमान 100 कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. मराठवाड्यातल्या एकट्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर होती. भोकरदन, जाफ्राबादपासून परतूर, मंठ्यापर्यंत आठ तालुक्यांत चाळिशी लागलेल्या, तांदळातले खडे दिसेनासे झालेल्या बायांची गणतीच नाही. श्री गणपती नेत्रालयासारखी धर्मादाय संस्था जालन्यात उभी आहे आणि तिथे दूरदूरहून रुग्ण येतात, यावरूनच गरज किती खोल आहे ते कळतं. हे सगळं खरं आहे. पण गरज असणं वेगळं आणि त्या गरजेपोटी पगार देणारं कोणी असणं वेगळं. चष्म्याच्या दुकानावरची पाटी वाचावी: कॉम्प्युटरद्वारे डोळ्यांची मोफत तपासणी. पैसे मिळतात ते फ्रेमचे आणि काचांचे. तपासणीच फुकट ठरली की तपासणाऱ्याचं कौशल्य दुकानदाराच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला जातं, आणि मशीनवरचा आकडा वाचणारा पोरगा त्याला पुरेसा वाटतो. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचं पद असतं, पण अशी पदं मोजकी, आणि महाविद्यालयातल्या जागा वाढल्या म्हणून ती वाढत नाहीत. म्हणून एकाच जिल्ह्यात न तपासलेले डोळे आणि काम नसलेला तपासनीस, दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात.

महाराष्ट्राने हे आधी भोगलं आहे. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. तिच्यामुळे खेड्यातली कितीतरी मुलं इंजिनिअर झाली, हे नाकारण्याचं कारण नाही. पण त्याच वाटेने पुढे डी.एड.ची, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेची, विद्यालयं आली. 2000 साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली, तुटपुंज्या मानधनानंतर का होईना पण कायम नोकरी दिसू लागली, आणि घरोघरी डी.एड. हा खात्रीचा मार्ग ठरला. मग 2011च्या शाळांच्या पटपडताळणीत बोगस विद्यार्थी उघडे पडले, 2012मध्ये शिक्षकभरती थांबली, 2013मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, आणि भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली ती 2017च्या डिसेंबरात. त्यानंतरची चाचणी थेट 2023 साली. या काळात पदविका हातात घेऊन बसलेल्या मुलामुलींची वयं निघून गेली, कुणाची लग्नं अडली, कुणी बापाच्या वावरात परतलं. विद्यालयं यथावकाश बंद पडली, पण घेतलेलं शुल्क कुणी परत केलं नाही. फार्मसीतही तेच घडू नये म्हणून भारतीय फार्मसी परिषदेने 2019मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ती टिकू दिली नाही, कारण असं बंधन रीतसर विनियम करूनच घालता येतं, नुसत्या ठरावाने नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता. मात्र संस्थाचालकाचा हक्क काय, एवढंच त्यातून कळलं. त्याचं कर्तव्य काय, हे कोर्टाला कुणी विचारलंच नव्हतं.

ते कर्तव्य ठरवायचं तर आधी व्यवहार कोणता आहे ते ठरवावं लागेल. आपल्याकडे शिकवण्याला विद्यादान म्हणतात, आणि दानाचा नियम साधा आहे: देणारा मोबदला मागत नाही, म्हणून घेणाराही त्याला जाब विचारत नाही. विक्रीचा नियम याच्या उलट. तिथे मोल घेतलेलं असतं, म्हणून मालाबद्दल खोटं बोलण्याची मुभा नसते. 1993मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिक्षण हा या देशात कधीच व्यापार नव्हता. 2002मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने संस्था चालवणं हा व्यवसाय असल्याचं मान्य केलं, वाजवी शिल्लक ठेवायला परवानगी दिली, नफेखोरीला मात्र मनाई केली. आजच्या संस्थेला या दोन्हींतलं सोयीचं तेवढंच हवं असतं. शुल्क घेताना ती व्यवसाय असते. पास झालेला मुलगा काम मागत आला की तीच संस्था ज्ञानदानाचं पवित्र कार्य होते. दान आणि विक्री या दोन्हींतून नेमकी जबाबदारी वगळून घेण्याला माझ्या लेखी अधर्म हाच शब्द आहे.

यावर गीतेचा आधार घेऊन उत्तर दिलं जातं: विद्या फळासाठी शिकायची नसते, मुलांनी निष्काम वृत्तीने शिकावं. निष्काम कर्म हे फार मोठं तत्त्व आहे, पण ते ज्याने-त्याने स्वतःला लावून घ्यायचं असतं. जाहिरातीत फळ दाखवून पैसे घेतलेल्याने गिऱ्हाइकाला फळाची आसक्ती सोडायला सांगणं ही त्या तत्त्वाची विटंबना आहे. शिवाय हे जालना जिल्ह्यात सांगावं, याचं जास्त वाईट वाटतं. समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. दासबोधाच्या बाराव्या दशकात ते प्रपंच आधी नीट करायला सांगतात आणि मग परमार्थाकडे वळतात. ज्याचा प्रपंच नासला त्याची परवड त्यांना दिसत होती. पाचव्या दशकात तर शिष्याकडून साधना करून न घेणारे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी टाकून द्यावेत, असं ते बजावतात. ऑप्टोमेट्रीतली साधना म्हणजे अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीत टाकून आतली लालसर झाक उजेडाबरोबर सरकते की उलट, ते ओळखणं आणि ट्रायल फ्रेममध्ये एकेक काच बदलत ती स्थिर करणं. हे शेकडो डोळे पाहिल्याशिवाय हाताला येत नाही. पुरेसे रुग्णच नसलेल्या संस्थेने पदवी दिली, तर ठकतो तो फक्त विद्यार्थी नाही; चुकीचा नंबर नाकावर घेऊन फिरणारा शेतकरीही ठकतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मंठ्यासारख्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या बाजूने येतो. पुण्या-मुंबईला ठेवणं घरच्यांना परवडत नाही; जवळच्या जागा कमी केल्या की तिची वाट बंद, आणि आधी शिकून स्थिरावलेल्यांचा धंदा तेवढा सुरक्षित. हे मला मान्य आहे. म्हणूनच सरसकट बंदीच्या बाजूने मी नाही. जुन्यांनी दार लावून घेणं हाही न्याय नव्हे. पण त्या मुलीच्या नावाने दार उघडं ठेवायचं असेल तर आत काय आहे ते तिला आधीच सांगायला हवं: गेल्या तीन तुकड्यांतली किती मुलं कुठे, किती पगारावर आहेत, शिकताना रोज किती रुग्ण हाताखालून जातात. ती सज्ञान आहे, तिने निवड केली, हा युक्तिवाद ही माहिती तिच्या हातात असेल तरच उभा राहतो. 2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला पहिल्यांदा देशपातळीवर कायदेशीर ओळख दिली. ही माहिती जाहीर करण्याची सक्ती त्या आयोगाकडूनच व्हायला हवी. आणि सरकारचंही ऋण आहे. 2024मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. त्याच्या आधाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डोळे तपासण्याची पगारी पदं निर्माण झाली, तर आज जादा वाटणारी माणसं आठ तालुक्यांना पुरणारही नाहीत. ती पदं मंजूर होईपर्यंत मात्र ‘हमखास नोकरी’ हे शब्द छापण्याचा अधिकार कुणालाच नाही.