झांकलेलें पाप

दावीद राजानें उरीयाची बायको आपल्या घरीं आणविली, व तें पाप झांकावें म्हणून उरीयास लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष फारसें जात नाहीं. नाथान संदेष्टा राजाकडे आला तेव्हां बथशेबेस मुलगा झालेला होता. म्हणजे कित्येक महिने राजा हें पाप पोटांत ठेवून न्यायनिवाडा करीत होता. असे मौनाचे दिवस कसे जातात, हें दावीदाच्या नांवें असलेल्या ३२ व्या स्तोत्रांत वाचावें. शरीर खंगतें, रात्रीं चैन पडत नाहीं, आणि वैशाखांतल्या ओढ्याप्रमाणें जीव कोरडा पडतो.

नाथानानें एका गरिबाची एकुलती मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हां राजाचा क्रोध भडकला. त्या मनुष्यास मरणदंडच पाहिजे, असें तो म्हणाला. ज्याचें मन आंतून खातें तो दुसऱ्याच्या चुकीवर असाच तुटून पडतो. मंडळीच्या पंचांत बसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें. तो श्रीमंत राजा स्वतःच आहे असें संदेष्ट्यानें सांगतांच दावीदानें कांहीं सबब काढिली नाहीं. परमेश्वराविरुद्ध आपण पाप केलें, एवढेंच तो बोलला, आणि क्षमा त्याच घटकेस मिळाली. शिक्षा मात्र सगळी टळली नाहीं. मूल सातव्या दिवशीं वारलें. तरी दावीद जमिनीवरून उठला, त्यानें स्नान केलें, वस्त्रें बदललीं, परमेश्वराच्या मंदिरांत जाऊन भजन केलें, आणि मग घरीं येऊन तो जेवला. चाकर थक्क झाले. क्षमा पावलेल्या मनाची शांति दुःखाच्या घरींही अशी येते.

रविवारीं उपासनेंत आपण सर्व मिळून ‘आम्ही पापी आहों’ असें म्हणतों. तें म्हणणें योग्य आहे, पण सोपेंही आहे. ‘मीं शेजाऱ्याचा बांध कोरला’, ‘मीं वाटणींत भावास फसविलें’, असें म्हणतांना जीभ अडखळते. पाप पदरीं घेणें म्हणजे त्याचें नांव घेणें. मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे कीं, अपराध्यानें पाप कबूल करावें, घेतलेलें परत द्यावें, आणि वर पांचवा हिस्सा घालावा (गणना ५). २० पायली जोंधळा लाटला असेल तर २४ पायली मोजून द्यावा. ह्या ४ पायलींनीं देवाची क्षमा विकत मिळते, असें मात्र कोणी समजूं नये. ती ख्रिस्ताच्या रक्तानें मिळते, आणि फुकट मिळते. जक्कयानें चौपट परत देण्याचें बोलणें काढिलें, तें प्रभु त्याच्या घरीं उतरावयास सिद्ध झाल्यानंतर.

यहूदा इस्कर्योत ह्यानेंही पाप कबूल केलें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. निर्दोष मनुष्यास आपण धरून दिलें असें तो म्हणाला, आणि रुप्याचीं ३० नाणीं परत नेऊन टाकिलीं. परंतु तो गेला कोणाकडे? मुख्य याजकांकडे. त्याचें आम्हांस काय, तुझें तूं पाहून घे, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें, आणि त्यानें जाऊन गळफास घेतला (मत्तय २७). पेत्रानेंही त्याच रात्रीं प्रभूस तीनदां नाकारिलें होतें, व तो फार रडला. पण तो भावांमध्यें राहिला, आणि तिबिर्याच्या समुद्राच्या कांठीं प्रभूनें त्यास पुन्हा आपल्या कामावर लाविलें.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट विशेषेंकरून आपल्याकरितां आहे. दिवेलागणीनंतर कोणी दाराशीं येऊन घुटमळेल, पिकाची, पावसाची गोष्ट काढील, आणि निघतांना खरें बोलेल. त्या वेळीं याजकांचें उत्तर आपल्या तोंडीं येऊं नये. क्षमा करणारा देव आहे. म्हणून त्या मनुष्यास बसवून घ्यावें, योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय उघडावा, व त्याजबरोबर गुडघे टेंकावे. ऐकलेलें चावडीवर जाऊं नये, घरांतही नाहीं. आणि ज्याचें नुकसान केलें त्याच्या घरीं जावयास त्याचें पाऊल एकट्यानें उचलत नसेल, तर आपण त्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जावें.