मोजल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही

ते कार्ड आधी टेबलावर ठेव आणि नीट ऐक.

एक्स्ट्रूडरचा ड्राइव्ह सकाळपासून ‘अंडरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतोय. तू काय केलंस? रीसेट दाबलास. मशीन चालू झालं, लोड आला, पुन्हा ट्रिप. पुन्हा रीसेट. कंटाळलास तेव्हा कंट्रोल कार्ड उपसून काढलंस आणि स्टोअरकडे नवं मागितलंस. डीसी बसला किती व्होल्ट होते, एवढंच मी विचारलं. तुझ्याकडे आकडा नव्हता. मल्टिमीटर बॅगेतून बाहेरच निघाला नव्हता. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकून तू हे करावंस, याचा मला राग येतो.

डिस्प्लेवर दिसतं ते फक्त लक्षण. कारण तुलाच शोधायचंय. 415 व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय रेक्टिफायरमधून गेला की बिनलोडचा डीसी बस 587 व्होल्टच्या आसपास असतो आणि लोडवर साधारण 560 पर्यंत उतरतो. हे आकडे तुला झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवेत. शिवाय बहुतेक ड्राइव्ह हे व्होल्टेज स्वतःच्याच डिस्प्लेवर दाखवतात, त्यासाठी कव्हरही उघडावं लागत नाही. तू तेवढंही पाहिलं नाहीस.

आणि पाहिलं असतंस तरी मशीन थांबलेलं असताना पाहून समाधान मानलं असतंस, हेही मला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट पक्की डोक्यात बसव. एक फेज गेला तरी बिनलोडचा बस पूर्ण चार्ज होतो, कारण उरलेल्या दोन फेजमधून कपॅसिटर भरतच असतात. आकडा अगदी बरोबर दिसतो आणि तू फसतोस. लोड आला की खरं रूप दिसतं. तिन्ही फेज असताना बसवर 300 हर्ट्झचा रिपल असतो. एक गेला की तो 100 हर्ट्झवर येतो, दोन शिखरांमधली दरी खोल होते आणि कपॅसिटर तेवढा वेळ लोड पेलू शकत नाहीत. मग ट्रिप. उडालेल्या फ्यूजच्या पुढेही मीटर कधी कधी खोटं व्होल्टेज दाखवतो, म्हणून फक्त व्होल्टेजवर विसंबू नकोस. मशीन लोडवर असताना टाँग टेस्टर तिन्ही वायरींना लाव. एका फेजचा करंट शून्य दिसला की फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि काळवंडलेला ढिला लग, इतकंच तपासायचं उरतं. या सगळ्यात कंट्रोल कार्डाचा संबंध कुठे आला, सांग मला.

तिन्ही फेजचे करंट सारखे आहेत आणि तरी लोडवर बस कोसळतोय? मग प्रीचार्जकडे बघ. कपॅसिटर हळूहळू भरावेत म्हणून सुरुवातीला रेझिस्टर मध्ये असतो आणि नंतर कॉन्टॅक्टर त्याला बायपास करतो. तो कॉन्टॅक्टर लागलाच नाही, तर मोटरचा सगळा भार त्या रेझिस्टरमधून जातो आणि रेझिस्टर जळतो. जळालेला रेझिस्टर बदलून कॉन्टॅक्टरकडे न बघणारी माणसं मी पाहिली आहेत. तू त्यांच्यातला होऊ नकोस.

ओव्हरव्होल्टेज आला की तू लगेच महावितरणकडे बोट दाखवतोस. ट्रिप नेमका मशीन थांबताना होतो का, हे आधी बघ. तसं असेल तर मोटरच वीज बसवर परत ढकलते आहे. डिसेलरेशनची वेळ आणि ब्रेक रेझिस्टर तपास.

डिस्प्ले पूर्ण काळा पडला म्हणजेही कार्ड मेलं असं नाही. कार्डाला 24 आणि 5 व्होल्ट देणारा एसएमपीएस बहुतेक ड्राइव्हमध्ये त्याच डीसी बसवर चालतो. बस आहे पण 24 व्होल्ट नाहीत, तर आधी फॅन आणि बाहेर गेलेल्या सेन्सरच्या वायरी सोडव. घासलेल्या एका केबलचा शॉर्टसुद्धा सगळा सप्लाय खाली ओढतो. तरीही येत नसेल तर एसएमपीएसवरचे छोटे कपॅसिटर बघ. उष्णतेने ते सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. पॅनेलचा फिल्टर धुळीने बुजलेला आहे आणि तो साफ करणं तुझ्या कामाच्या यादीत आहे.

आता जे सांगतो त्यात मी कुणालाही सूट देत नाही. आयसोलेटर पाडला आणि दिवा विझला, म्हणजे बस रिकामा झाला असं होत नाही. कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांब आणि मग डीसी प्लस-मायनसमध्ये मीटर लावून खात्री कर. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून कपॅसिटर रिकामे करताना दिसलास, तर त्या क्षणी तुला लाइनवरून काढेन. उडालेल्या फास्ट फ्यूजच्या जागी नवा घालण्याआधी बस रिकामा करून रेक्टिफायर आणि आयजीबीटी डायोड टेस्टवर तपास. आत शॉर्ट असेल तर सप्लाय देताच स्फोट होईल, आणि पॅनेलसमोर तूच उभा असशील. मोटर मेगर करायची असेल तर तिच्या केबल्स ड्राइव्हपासून सोडव. ड्राइव्हवर मेगर कधीही लावायचा नाही.

उद्यापासून व्यवस्थित चालणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हची नोंद ठेवायला सुरुवात कर. लोडवरचा बस, तिन्ही फेजचे करंट आणि 24 व्होल्टचं रीडिंग वहीत तारखेसह लिही. पुढच्या ब्रेकडाऊनला ती वही घेऊन ये. आकड्यांशिवाय तुझं कोणतंही निदान मी ऐकणार नाही आणि स्टोअरच्या स्लिपवर सहीही करणार नाही.