शेवटचा सायकलस्वार पोहोचेपर्यंत

कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत जहाज आत घ्यायचे असले की रस्ता थांबवला जातो. पूल वर उचलला जातो, दोन्ही बाजूंना ट्रक, बसगाड्या, टॅक्सी यांच्या रांगा लागतात आणि त्या रांगांच्या फटींतून वाट काढत सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहतात ते सायकलवाले. कुणाच्या कॅरिअरला दुधाचे कॅन टांगलेले, कुणी मेटियाब्रुजच्या शिवणकामाच्या कारखान्यांतले गठ्ठे बांधलेले, कुणी गोदीतली पाळी गाठायला निघालेला. 1892 पासून चालू असलेल्या या गोदीभोवतीची किती तरी माणसे सायकलीवर कामाला जातात आणि सायकलीवरच घरी येतात. ती रोज किती अंतर कापतात हे कुणी मोजत नाही आणि ती पोहोचली म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही.

सत्कार्यासाठी निधी उभा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या आता आपल्याकडे चांगल्या रुळल्या आहेत. एखाद्या रुग्णालयासाठी, शाळेसाठी, एखाद्या आजाराबद्दल बोलले जावे म्हणून गट निघतात, आठवडा-पंधरा दिवस रस्त्यावर राहतात आणि एके दिवशी कमानीखालून आत शिरतात. हार, पदके, छायाचित्र. डोळ्यांत पाणी येते ते खरे असते. या फेऱ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच एक प्रश्न मला सोडत नाही: अशी फेरी पूर्ण झाली असे नेमके केव्हा म्हणायचे?

एकट्याच्या प्रवासाला याचे उत्तर सोपे असते, असे वाटते. पण तेही तितके सोपे नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने जुलै 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली. वय विशीच्या आसपास, बरोबर मदतीची गाडी नाही. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियातल्या बर्फाळ रात्री तंबूत एकटीने काढल्या. 159 दिवसांत 14 देशांतून 29 हजार किलोमीटर पार करून 23 डिसेंबरच्या पहाटे ती याच कोलकात्यात पोहोचली. वर्तमानपत्रांनी प्रदक्षिणा पूर्ण झाल्याचे छापले. तरीही नियमाप्रमाणे वर्तुळ जिथे सुरू झाले तिथेच मिटायला हवे होते, म्हणून शेवटचे 15 किलोमीटर पर्थला परत जाऊनच चालवायचे उरले होते. मला हा नियम आवडतो. तो सांगतो की अंतर संपणे आणि काम पुरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले थोडेसे अंतर आपल्याला पुन्हा उठून कापावे लागते.

गटाने निघालेल्यांचा शेवट आणखी वेगळा असतो. सायकलस्वारांच्या भाषेत गटाच्या अगदी शेवटी राहणाऱ्याला ‘स्वीप’ म्हणतात. त्याचे काम एकच, आपल्यामागे कुणाला राहू द्यायचे नाही. कुणाची चेन उतरली, कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणी उन्हाने चक्कर येऊन झाडाखाली बसले की स्वीप थांबतो. बहुतेक वेळा हा गटातल्या सर्वांत तयारीच्या स्वारांपैकी एक असतो. ज्याला पहिला येणे सहज जमले असते, तो मुद्दाम शेवटचा येतो. फेरी सुरू झाली ती पहिल्याच्या पायडलबरोबर. ती संपते ती स्वीप आत आल्यावर. कमानीपाशी आधी पोहोचलेले लोक पाणी पीत, ताणाचे व्यायाम करत मागच्यांची वाट पाहत उभे असतात. मला विचाराल तर त्या वाट पाहण्यातच फेरीचा खरा शेवट घडत असतो.

गटाने एकत्र राहण्यामागे वाऱ्याचेही शास्त्र आहे. सपाट रस्त्यावर जरा वेगात असलेल्या सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे अगदी जवळ राहिले तर या मेहनतीतला साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. म्हणून जाणते गट पुढची जागा आळीपाळीने घेतात: काही वेळ वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला होऊन मागे सरकायचे. विशेष असे की मागे कुणी असल्याचा पुढच्यालाही किंचित फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागची हवेची ओढ कमी होते. आधार देणाऱ्यालाही आधार मिळतो, ही गोष्ट इथे कवीच्या कल्पनेतली नाही, मोजता येण्यासारखी आहे. मदतीसाठी निघालेल्या माणसांनी रस्त्यावर दिवसचे दिवस हेच शरीराने शिकायचे असते. कुणी पुढे असतो तो तेवढ्या वेळापुरता.

महाराष्ट्राला अशा फेरीचा मोठा वारसा आहे. बाबा आमट्यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ची सायकलयात्रा काढली. पंजाब पेटलेला होता, 1984 च्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर उत्तरेकडे निघाले आणि 1986 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर जम्मूला पोहोचले. पुढे 1988-89 मध्ये दुसरी यात्रा पूर्वेच्या इटानगरहून पश्चिमेच्या ओख्यापर्यंत गेली. सत्तरी गाठलेल्या बाबांना स्वतः सायकल चालवणे शक्यच नव्हते. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नसे; उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. ते गाडीत आडवे पडून सोबत राहिले. ज्याला सायकलीवर बसता येत नाही अशा माणसाने देश सायकलीवर जोडायला काढावा, यात मला कधी विसंगती दिसली नाही. पायडल कोण मारतो यापेक्षा कुणाच्या सोबतीने मारतो, हे त्या यात्रेत महत्त्वाचे होते.

याच बाबांचे दानाबद्दलचे मत कडक होते. कुष्ठरोग्याच्या हातात भीक पडत राहिली तर तो माणूस कायमचा भिकारीच राहतो. त्याच्या हाताला काम मिळाले की तो माणूस म्हणून उभा राहतो, हे त्यांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात दाखवून दिले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, अशी ती सुरुवात होती. आजच्या निधी जमवणाऱ्या सायकलफेऱ्यांकडे मी याच कसोटीने पाहतो. अमुक किलोमीटर सायकल मारीन, तुम्ही अमुक रुपये द्या, असे आपण मित्रांना सांगतो आणि मित्र देतात. का देतात? पैसे थेट रुग्णालयाला देता आले असते. माझ्या दुखऱ्या मांड्यांनी कुणाही रुग्णाचा ताप उतरत नाही.

मला वाटते, इथे शरीर जामीन राहते. आपल्याकडे आई मुलासाठी अनवाणी चालत देवाला जाते, कुणी उपास धरतो. आपला शब्द पोकळ नाही हे सांगायला माणूस कष्ट पुढे करतो. फरक एवढाच की नवस आपल्या माणसासाठी असतो आणि ही फेरी ज्याचे नावही माहीत नाही अशा माणसासाठी. हा फरक फार मोठा आहे, आणि या फेऱ्यांचे सारे सौंदर्य त्यात आहे. मात्र जामीन राहिलेल्या माणसाची सुटका कर्ज फिटल्यावर होते. कमानीखालून गेल्याने ती होत नाही.

अमेरिकेतल्या बिली स्टार या तरुणाची आई 1974 मध्ये कर्करोगाने गेली. 1980 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 36 जणांची सायकलफेरी काढली आणि बॉस्टनच्या कर्करोग संस्थेसाठी 10,200 डॉलर उभे केले. ती फेरी आजही दर वर्षी निघते, आणि स्वारांनी जमवलेला पैसा पूर्णपणे रुग्णालयाकडे जावा, खर्च प्रायोजकांकडून आणि नोंदणी शुल्कातून भागवावा, ही शिस्त तिने पाळली आहे. उलट, एड्सग्रस्तांसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी जी फेरी 1994 मध्ये सुरू झाली, तिच्या आयोजनाच्या खर्चावरून इतका वाद झाला की 2002 मध्ये तिथल्या सेवासंस्थांनी स्वतःची वेगळी फेरी सुरू केली. तीही 2025 मध्ये थांबली. खर्च वाढत गेले आणि स्वार कमी झाले. तिने वर्षानुवर्षे जे दिले ते कमी होत नाही. पण जेवढे तंबू, जेवणे आणि मदतीच्या गाड्या वाढतात, तेवढा हिशेब मोकळेपणाने मांडण्याचा धर्म वाढतो. आपल्याकडच्या फेऱ्यांत किती अंतर झाले याचा फलक मोठ्या अक्षरांत असतो. किती पैसे आले, किती वाटखर्चाला गेले, उरलेल्यांतून कुणाचे काय झाले, हे सहा महिन्यांनी त्याच दात्यांना पत्राने कळवणारे गट मला हवे आहेत. ते पत्र टपालात पडेल तेव्हा फेरी पूर्ण झाली असे मी म्हणेन.

पोहोचल्यानंतरही काम उरते, हे वारीतही दिसते. पंढरपूरला आषाढीला पोहोचलेल्या पालख्या पौर्णिमेच्या काल्यानंतर परत निघतात. जाताना दुतर्फा लोक, येताना मोजके वारकरी. छायाचित्रे जाण्याची असतात. तरी परतीची वाट चालणाऱ्यांना आपण अर्धी वारी करतोय असे कधीच वाटत नाही, कारण पादुका घरी पोहोचवणे हे त्यांना वारीचाच भाग वाटते. 

आणि आता पुन्हा खिदिरपूर. अशी फेरी करत इथे पोहोचलेल्या स्वाराच्या अंगावर आणखी एक ऋण चढते, कारण हे शहर सायकलीशी फार कठोर वागले आहे. कोलकाता पोलिसांनी 2013 मध्ये 174 रस्त्यांवर सायकल आणि इतर बिनइंजिनाच्या वाहनांना मज्जाव केला. पुढे ही यादी 62 रस्त्यांवर आली. कारण सांगितले गेले ते वाहतूक मंदावते असे. त्याच राज्याच्या सरकारने 2015 पासून ‘सबूज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या आहेत, एक कोटीहून अधिक. शाळेत जायला दिलेली सायकल नोकरीला लागल्यावर शहराच्या मोठ्या रस्त्यावर आणता येत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. जून 2020 मध्ये लोकल गाड्या बंद होत्या, बसगाड्या अपुऱ्या होत्या, तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सायकलींना वाट द्यायला सांगितले आणि माणसे लांबलांबून सायकलीवर कामावर आली. म्हणजे शहराला गरज पडली तेव्हा सायकल चालली.

दंडाच्या धास्तीने गल्लीबोळांतून वळसे घेत जाणारा दूधवाला आणि हेल्मेट, हातमोजे घालून गटाबरोबर आलेला आपला स्वार एकाच वाहनावर बसलेले आहेत. स्वार आठवड्याभरात घरी जाईल, त्याची सायकल महागडी आहे, त्याच्या नावाला वर्तमानपत्रात जागा आहे आणि पोलीस त्याला ओळखतात. दूधवाल्यापाशी यातले काहीच नाही. सत्कार्य रुग्णालयापुरते ठेवायचे आणि ज्या रस्त्यावरून आलो तो रस्ता सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. गटात पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा असतो, आणि इथे पुढे असलेला हा स्वारच आहे. म्हणून कोलकात्यात फेरी संपवणाऱ्या प्रत्येक गटाने निधीच्या हिशेबाबरोबर एक अर्जही लिहावा, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आणि तो लालबाजारला पोलीस मुख्यालयात नेऊन द्यावा: उरलेल्या 62 रस्त्यांवर सायकलीला जागा आखून द्या, निदान सकाळी दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या वेळी आणि गोदीची पाळी सुटते त्या वेळी. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही, तर पुढच्या वर्षीच्या गटाने दुसरा द्यावा.