सुटलेल्या सवयीची रिकामी जागा

दीक्षा एका दिवसात घेता येते, मग वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात का सुटत नाही? आणि ती सुटली नाही, तर घेतलेली दीक्षा खोटी ठरते काय? नवदीक्षित कुटुंबांना हा प्रश्न छळतो.

त्याचे उत्तर पंचशीलातच आहे. प्रत्येक शील घेताना आपण ‘सिक्खापद’ हा शब्द उच्चारतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. ती कोणा देवाची आज्ञा नव्हे; तो आपण होऊन पत्करलेला अभ्यास आहे. अभ्यास रोज करावा लागतो, म्हणूनच पंचशील एकदा घेऊन संपत नाही. प्रत्येक वंदनेत ते पुन्हा घ्यायचे असते. मात्र घसरणाऱ्याने याचा आडोसा करू नये. शील पुन्हा घेणे म्हणजे पुन्हा प्रयत्नाला लागणे.

भगवंतांनी सम्यक व्यायामाचे चार भाग सांगितले: न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले कुशल वाढवणे. आपण बहुधा दुसऱ्यापाशीच थांबतो. दारू सोडली, पण दारूची संध्याकाळ रिकामीच राहिली, तर जुनी सवय त्याच वाटेने परत येते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले; त्याबरोबरच शिक्षणाची आणि शेतीची वाटही दाखविली. सोडायचे काय आणि धरायचे काय, दोन्ही एकदम सांगितले. शिवाय ते एकट्यादुकट्याला नव्हे, साऱ्या समाजाला सांगितले.

देवरूखच्या आसपासच्या वाड्यांनी हाच धडा घ्यावा. मुंबईहून चाकरमानी घरी आला की बाटली निघते, अशी जेथे रीत असेल, तेथे त्याच संध्याकाळी वंदना व्हावी, सर्वांनी मिळून चहा घ्यावा, मुलांचा अभ्यास पाहावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास तर यासाठीच आहे असे समजा. लावणीने अंग शिणते हे खरे; तरी रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची दोन पाने वाचता येतात. तीन महिने रोज केलेली गोष्ट अंगवळणी पडू लागते. पुरुषांच्या दारूकडे बोट दाखविताना चुलीजवळची मशेरीची डबीही विसरू नये.

आणि कोणी घसरला, तर त्याची थट्टा करू नका. उद्याच्या वंदनेला त्याला हाक मारा. थट्टेने माणूस गुत्त्याकडे वळतो, हाकेने विहाराकडे.