समाधान कशाला म्हणायचे?

काही महिन्यांपूर्वी एका हिंदी लेखाचे भाषांतर करताना मी 'समाधान' या शब्दावर अडले. हिंदीत समस्येचे समाधान म्हणजे तोडगा. मराठीत समाधान म्हणजे मनाची तृप्ती. आणि आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून राहते त्या बडोद्यात, गुजरातीत, दोन भांडणाऱ्यांचे 'समाधान' झाले म्हणजे तडजोड झाली. मी 'उत्तर' असे लिहून पुढे सरकले. पण त्याच सुमारास घरात एक वाद चालू होता, आणि त्यातून मला तसे पुढे सरकता येईना.

बाबांनी आजीसाठी जुनी गाडी घेतली होती. आजीचे गुडघे गेले आहेत, सत्संगाला रिक्षात चढवणेही अवघड होते. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे दोन लाख पासष्ट हजारांत सौदा झाला. आठव्या दिवशी डभोई रोडवर रात्री टायर बसला. डिकीतला गालिचा उचलला तर स्टेपनीची जागा रिकामी. जॅक नाही, पाना नाही. आजी दीड तास गाडीत बसून होती. शेवटी एक पंक्चरवाला मोटारसायकलवर आपला जॅक घेऊन आला. घरी आल्यावर लक्षात आले की दुसरी चावीही मिळालेली नाही.

फोनवर व्यापारी म्हणाला, "काका, जशी आहे तशी दिली. कागदावर लिहिलंय." बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "जाऊ दे गं. तीन-चार हजारांसाठी मन कशाला खराब करायचं? क्षमा करून टाकू."

मला राग आला, आणि तो व्यापाऱ्यापेक्षा बाबांचा जास्त आला. मी वाणिज्य शाखेत शिकते. हिशोबात एक प्रकार असतो, बुडीत कर्ज. येणे वसूल होणार नाही अशी खात्री पटली की ते खात्यातून काढून टाकतात. त्याला कोणी क्षमा म्हणत नाही. ज्याच्याकडून येणे होते त्याला तर कळतही नाही. बाबांची क्षमा मला तशीच वाटली. मागायचा कंटाळा आला, भांडायची भीती वाटली, आणि त्याला आपण एक चांगले नाव दिले. आपल्यापैकी पुष्कळ जण असे करतात असे मला वाटते. वर्षभराने त्याच दुकानावरून जाताना तोंडात कडू चव येते, तेव्हा कळते की क्षमा झालीच नव्हती.

म्हणून मी तक्रार लिहायला बसले. कायदा आम्हाला अभ्यासाला आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात खरेदीदाराने सावध राहावे हे तत्त्व आहे, पण वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे हेही त्यातच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. 1915 या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. हे सगळे मी मोठ्या उत्साहाने लिहिले. मग वस्तूंची यादी केली: स्टेपनी, जॅक, पाना, दुसरी चावी, पायाखालचे मॅट, मागचे दोन स्पीकर. एकूण साडेबारा हजार.

पुरावाही होता. गाडी बघायला गेलो तेव्हा माझ्या भावाने फोटो काढले होते. एका फोटोत उघडी डिकी आणि स्टेपनी स्वच्छ दिसत होती. तो फोटो जोडताना मी पुढचा उघडला. त्यात गाडीचा आतला भाग होता, आणि मॅट तेव्हाही नव्हते. स्पीकरच्या जागी तेव्हाही नुसती भोके होती.

मला हे माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. यादी करताना आत कुठेतरी माहीत होते. त्याने फसवले आहे, मग घासाघीस होणार, म्हणून थोडे वाढवून मागावे, एवढाच माझा विचार होता. डिकीचा फोटो जोडायचा आणि दुसरा ठेवून द्यायचा, हेही मी ठरवत होते. बाबांच्या क्षमेत खोट शोधणारी मी स्वतःच्या सत्याग्रहात खोटा माल भरत होते.

गांधीजींच्या आत्मकथेतला दक्षिण आफ्रिकेतला दादा अब्दुल्लांचा खटला मला तेव्हा आठवला. 1893 साली ते ज्या कामासाठी गेले तो व्यापारी हिशोबाचा दावा होता, आणि त्यांना जमाखर्च येत नव्हता. प्रॉमिसरी नोट म्हणजे काय हेही त्यांना शोधावे लागले. (हे वाचून माझ्यासारख्या विद्यार्थिनीला बरे वाटते.) त्यांनी हिशोब शिकून घेतला, वस्तुस्थिती पूर्ण समजून घेतली, आणि मग दोन्ही पक्षांना लवादासाठी राजी केले. दोघे एकमेकांचे नातलग होते. अब्दुल्ला जिंकले. पण तय्यब शेठ 37,000 पौंड आणि खर्च एकदम देऊ शकत नव्हते, म्हणून गांधीजींनी अब्दुल्लांना लांब मुदतीचे हप्ते घ्यायला लावले. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. येणे किती आहे ते आधी पैशापर्यंत खरे ठरले आणि सवलत त्यानंतर आली. जे ठरलेच नाही ते सोडणार कसे?

मी मॅट आणि स्पीकर यादीतून खोडले. मग सौद्याचा कागद काढला. त्यावर 'चावी: 1' असे लिहिलेले होते आणि खाली बाबांची सही होती. ती आम्ही न वाचता केली होती. चावीही खोडली. उरले स्टेपनी, जॅक आणि पाना. साडेबारा हजारांचे सुमारे पाच हजार झाले. खरे सांगायचे तर मला हिरमुसल्यासारखे झाले. एवढ्या छोट्या अन्यायावर एवढा मोठा राग शोभत नव्हता.

शनिवारी बाबांना घेऊन मी गेले. दोन्ही फोटो दाखवले. "मॅट नव्हते, चावी एकच होती, ते आम्ही मागत नाही. हे मात्र होतं," असे सांगितले. व्यापारी फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. 'जशी आहे तशी' हे तो पुन्हा म्हणाला नाही. त्याने आत हाक मारली. गाड्या धुणारा एक मुलगा आला, माझ्याहून लहानच असेल. दुसऱ्या एका गाडीची डिलिव्हरी घाईत होती, तेव्हा आमच्या गाडीतले सामान त्यात टाकले गेले होते. कोणी टाकायला सांगितले हे त्या मुलाने सांगितले नाही. व्यापाऱ्यानेही विचारले नाही.

"बेन, समाधान करी लो ने," व्यापारी म्हणाला. "जुनी स्टेपनी देतो, जॅक-पाना देतो. याच्या पगारातून कापून घेईन."

याची तयारी मी केली नव्हती. आमचे येणे खरे होते, एका पैशाने वाढवलेले नव्हते, आणि ते आता या मुलाच्या नावावर पडणार होते. बाबा लगेच म्हणाले, "मग नको आम्हाला." मला ते पटले नाही. आम्ही नको म्हटले असते तर व्यापारी तेवढ्याने मोकळा झाला असता, आणि मुलाला बोल बसायचा तो बसलाच असता. मी म्हणाले, "सामान आम्ही घेतो, कारण ते आम्हाला तुमच्याकडून येणं आहे. सौदा तुमच्याशी झालाय, त्याच्याशी नाही. त्याच्या पगारातून नको." व्यापारी हसला आणि "बरं, बरं" म्हणाला. मुलाने स्टेपनी आणून डिकीत ठेवली, हवा तपासली, पाना फडक्यात गुंडाळून दिला. टायर अर्धा झिजलेला होता, पण फोटोतलाही तसाच होता.

परत येताना बाबा म्हणाले की तू सोडायला शिकली नाहीस. मी म्हणाले की तुम्ही मागायला शिकला नाहीत. मग आजीच्या औषधांसाठी थांबलो तेव्हा तो विषय तिथेच राहिला. दुसरी चावी नंतर आम्ही स्वतः करून घेतली.

पुढच्या महिन्यात गाडीच्या कागदांच्या कामासाठी मी तिथे पुन्हा गेले होते. तो मुलगा एका गाडीची काच पुसत होता. मी त्याला हळूच विचारले, पगार कापला का. त्याने आधी केबिनकडे पाहिले. व्यापारी दारातच उभा होता.

"ना बेन, नथी काप्या," तो म्हणाला, आणि पुन्हा काच पुसू लागला.