मन रमवण्याच्या पलीकडे

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. लोकल त्याआधीच थांबली होती. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केलेली, आणि पुढे ठाणे, गिरगाव करत राज्यभर पसरलेली नववर्ष स्वागतयात्रा त्या पाडव्याला निघाली नाही. एरवी फलाटावर आयुष्य काढणारी माणसं वन-रूम-किचनमध्ये अडकली आणि अनेक घरांत हात कामाला लागले. कुणी क्रोशाची सुई काढली, कुणी माळ्यावरचा रांगोळीचा डबा, कुणी गणपतीआधी शाडू मिळवला. ‘काहीतरी करत राहा, मन रमवा’ हा तेव्हाचा सार्वत्रिक सल्ला होता, आणि वाईट दिवसांत तो आजही दिला जातो. सल्ला खरा आहे. त्याचं सांगितलं जाणारं कारण मला पटत नाही. मन दुसरीकडे वळवायचं तर त्याला मोबाइलसुद्धा पुरतो, आणि तासाभराने माणूस होता त्याहून खिन्न होऊन उठतो. हाताने केलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी, कारण ती वस्तू आपलं ऐकत नाही, आणि बहुधा ती दुसऱ्या कुणासाठी, ठरल्या तिथीला पुरी करायची असते. आपल्या धर्माचाराला हे फार पूर्वीपासून ठाऊक असावं असं मला वाटतं.

घरी केलेला आकाशकंदील पाहा. बांबूच्या कामट्या तासून सारख्या मापाच्या कराव्या लागतात. एखादी बोटभर लांब राहिली तर चांदणी एका अंगाला कलते, आणि मग कितीही दोरा गुंडाळा, ती सरळ होत नाही. कागद चिकटवताना खळ जास्त झाली तर तो फुगतो, कमी झाली तर कड सुटते. इथे ‘मला आज बरं वाटत नाही’ या सबबीला काही किंमत नाही. दुःखात माणसाला सगळं जग आपल्याच दुःखाच्या रंगाचं दिसू लागतं. कामटी मात्र त्या रंगाला दाद देत नाही, ती तासली तेवढीच तासली जाते. आपल्याबाहेर काहीतरी खंबीरपणे आहे, याची ही अगदी साधी खूण. शिवाय दिवाळी आपली मनःस्थिती विचारून येत नाही. कंदील वसुबारसेपर्यंत दारात लागायला हवा, आणि तो गॅलरीत टांगल्यावर घरात बसलेल्याला जेमतेम दिसतो. बघणारा खालून जाणारा असतो. गणपतीचं मखर, चैत्रांगण, वाती वळणं, या सगळ्यांत हेच आहे. करणाऱ्याचा आनंद हे त्यातल्या कशाचंच घोषित प्रयोजन नाही.

यावर गीता मानणारा कुणी म्हणेल की उभारी यावी म्हणून केलेली कला हे सकाम कर्मच, मग तिला उपासना कशी म्हणायची? आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मते अर्धा मान्यच करावा. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी बाहेरचं कर्म आणि त्यात ओतलेलं मन, म्हणजे विकर्म, हे वेगळे काढले, आणि दोन्ही एकत्र आले की कर्माचा भार उरत नाही असं मांडलं. हे ऐकायला बसलेले लोक कैदी होते, हे विसरू नये. बरं वाटावं एवढ्यासाठीच हातात घेतलेली वस्तू थोड्या वेळाने बाजूला पडते, कारण माणूस तिच्याकडे न बघता सारखा स्वतःची नाडी तपासत बसतो. तीच वस्तू नीट व्हावी म्हणून केली की उभारी न बोलावता येते. म्हणजे आक्षेप हेतूवर आहे, कामावर नाही. रवींद्रनाथांचा आक्षेप मात्र कामावरच होता. १९२५ साली गांधींच्या चरख्याविरुद्ध लिहिताना त्यांनी म्हटलं की एकच यांत्रिक हालचाल सगळ्यांवर लादली तर मन आखडतं. लादण्याबद्दल ते बरोबर होते. पण थकलेल्या मनाला नवीन सुचण्याची सक्तीही तितकीच जड जाते, हे त्यांच्यासारख्या प्रतिभावंताला जाणवलं नसावं. उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदावरून रांगोळी पसरली की गेरूवर ठिपके आयते उमटतात. ते जोडायचे कसे एवढंच तुमचं. आधार आहे आणि मोकळीकही आहे. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी नेहमीचं कमळ निघतं.

याहून बोचरा प्रश्न पोटाचा. कल्याणपासून हाकेच्या अंतरावरच्या भिवंडीत त्याच मार्चमध्ये यंत्रमाग थांबले. तिथल्या माणसांचे हात कसबीच होते. कापड विणणं हा त्यांचा विरंगुळा नव्हता, भाकर होती, आणि तीच गेल्याने ती माणसं नाशिकच्या महामार्गाने पायी गावाकडे निघाली. त्यांना हस्तकलेचं तत्त्वज्ञान सांगणं हा निर्लज्जपणा झाला असता. गोरोबांनी मडकी घडवताना आणि सावतोबांनी मळा शिंपताना देव पाहिला, हे वारकऱ्यांना प्रिय उदाहरण इथे फेकायचा मोह होतो. पण गोरोबांची मडकी विकली जात होती. धान्य आणि भाडं यांची सोय झाल्यावरच हा विचार सुरू होतो, आणि तसं स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र धर्माचारातूनच येतो. सुतकात दारापुढे रांगोळी घालत नाहीत, तळण करत नाहीत. कित्येक घरांत त्या वर्षीची दिवाळीही धरत नाहीत. सजावटीने दुःख हलकं होत असतं तर परंपरेने नेमक्या त्याच वेळी हात का बांधले? माझ्या मते तिने हात बांधले नाहीत, काम बदललं. त्याच दिवसांत दर्भाचं पवित्रक वळावं लागतं, भात मळून त्याचे पिंड करावे लागतात. ते फुटू नयेत म्हणून तळव्यात नीट दाबावे लागतात, वर काळे तीळ घालावे लागतात. कलाकुसर म्हणावं असं त्यात काही नाही. पण ज्या माणसासाठी आता करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, त्याच्यासाठी करण्याची ती शेवटची वस्तू आहे, आणि तीही आपली मनःस्थिती न विचारता ठरल्या दिवशीच करायची असते. २०२० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांना हेही मिळालं नाही. पार्थिव रुग्णालयातून परस्पर स्मशानात गेलं, आणि घरातली माणसं विलगीकरणात होती. अशा घरात नंतर कुणी रंगांची पेटी नेऊन दिली असती तर ती नको झाली असती, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. तिथे हुकलं होतं ते हाताचंच एक काम, पण ज्याच्यासाठी ते करायचं त्याची जागा दुसऱ्या कुठल्याही कामात भरून निघणारी नव्हती.