कड दोन बोटं वर

रोपं वाटताना माणूस सहसा तेच देतो, जे त्याच्याकडे उदंड झालेलं असतं. म्हणून कुणी मायेनं मुळांसकट पुदिना आणून दिला, तर घ्यावा जरूर. पण वाफ्यात मोकळा लावू नये.

वरून पुदिना अगदी गरीब दिसतो. त्याचा सगळा कारभार मातीखाली. चार बोटं माती बाजूला सारली की पांढरट-जांभळी खोडं आडवी धावताना दिसतात. पेरापेराशी मुळांचा पुंजका आणि वर यायला टपलेला एक कोंब. खुरप्याचा घाव बसला की एकाचे दोन होतात. रागारागानं खुरपणारा माणूस खरं तर लागवडच करत असतो! लव्हाळ्याचीही हीच तऱ्हा. पातं उपटून हातात येतं, गाठ खालीच राहते. (आणि नागरमोथा म्हणून तीच गाठ उटण्यासाठी आपण विकत आणतो.)

पुदिन्यासाठी तळ कापलेली जुनी बादली पुरते. वीत-दीड वीत खोल गाडायची, पण कड मातीच्या दोन बोटं वर ठेवायची. ती सपाट गाडली, की पावसाळ्यात फांदी वरून बाहेर झुकते, ओल्या मातीला टेकते आणि तिथंच मूळ धरते. हद्द लावतानाच आखलेली बरी. उशिरा आखायला गेलं, की ज्याचं कौतुक केलं त्याच्याशीच वैर धरावं लागतं.

अर्थात बादलीचा इलाज सगळ्यांना चालत नाही. घाणेरीही आपल्याकडे आली ती बागेची शोभा म्हणूनच. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बिया रानभर टाकतात. पाखरांना कुठली कड अडवणार? तिला अंगणात जागाच देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पुदिन्याचं तसं नाही, त्याच्याशी जमवून घेता येतं. मात्र कोंडलेला पुदिना वर्षा-दोन वर्षांत मधोमध निबर होतो, पानं बारकी पडतात. मग सगळा गड्डा उपसावा, कडेचे कोवळे तुकडे निवडून शेणखत घातलेल्या मातीत त्याच बादलीत लावावेत. उरलेले कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, तिथंही रुजतात. पत्र्यावर उन्हात कडकडीत वाळवावेत.